स्टोनहेंज ड्रुइडांचे नाही. त्यांचे पवित्र दगड वेगळेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचा पानभर फोटो छापून त्याखाली 'ड्रुइड पुरोहितांनी बांधलेले सूर्यमंदिर' अशी ओळ दिली होती. (ड्रुइड म्हणजे ब्रिटन-फ्रान्समधल्या प्राचीन केल्टिक लोकांचे पुरोहित.) याच दगडांवर नरबळी दिले जात, रक्त वाहून जायला त्यात खोबणी आहेत, असेही लेखात ठामपणे म्हटले होते. गेली तीनशे वर्षे जगभर हेच छापून येते आहे, त्यामुळे दोष एकट्या लेखकाचा नाही. पण वर्तमानपत्रात छापलेले वाक्य पुढे शाळेच्या प्रकल्पवहीत उतरते आणि सहलीच्या माहितीपत्रकातही जाते. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी काळाचा हिशेब पाहू. दगड किती जुना आहे यावरून तो कधी उभा केला हे कळत नाही. दगड तर कोट्यवधी वर्षांचाच असतो. तारीख मिळते ती त्याच्या बुडाशी, खड्ड्यात किंवा खंदकाच्या तळाशी सापडलेल्या सेंद्रिय वस्तूंवरून. स्टोनहेंजचा गोल खंदक खणणाऱ्यांनी हरणाच्या शिंगांची कुदळ वापरली आणि काम संपल्यावर ती शिंगे तळातच टाकून दिली. त्यांच्या कार्बन चाचणीवरून खंदक इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा ठरतो. त्याचा व्यास साधारण ११० मीटर, आतल्या बाजूने ५६ खड्ड्यांचे कडे, आणि त्या खड्ड्यांत व आसपास जाळलेल्या माणसांची हाडे. म्हणजे सुरुवातीची काही शतके ही जागा दफनभूमी होती. आज फोटोत दिसणारे महाकाय सारसन (एक कठीण वालुकाश्म) दगड इ. स. पू. २५०० च्या सुमारास आले.

ते आले कुठून, हेही आता बरेच पक्के झाले आहे. आतल्या कड्यातले लहान 'निळे दगड' दोन ते पाच टन वजनाचे, वेल्सच्या प्रेसेली टेकड्यांतले, सुमारे २४० किलोमीटरवरून आणलेले. सारसन दगड सरासरी पंचवीस टनांचे. १९५८ साली तडा गेलेला ५८ क्रमांकाचा दगड दुरुस्त करताना त्याला आरपार भोके पाडली होती. त्यातून निघालेली मीटरभर लांबीची दगडी कांडी दुरुस्ती करणाऱ्यांपैकी एकाने अमेरिकेत नेली होती. ती परत मिळाली, तिची रासायनिक तपासणी झाली, आणि उरलेल्या ५२ सारसनांपैकी ५० दगड एकाच ठिकाणचे, उत्तरेला पंचवीस किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्सचे, असे २०२० साली जाहीर झाले. मधोमध आडवा पडलेला सहा टनांचा 'वेदी-दगड' तर स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडचा, सातशेहून अधिक किलोमीटर दूरचा, हे २०२४ साली कळले. उभ्या दगडाच्या माथ्यावर बोंडासारखा उंचवटा ठेवायचा आणि वरच्या आडव्या दगडात त्याच मापाचा खड्डा कोरायचा, हा सुतारकामातला जोड त्या लोकांनी दगडात केला. हत्यारे म्हणाल तर दगडाचेच गोटे. लोखंड तिथे पोचायला अजून पंधराशेहून अधिक वर्षे होती.

आता ड्रुइड. त्यांचा सर्वांत जुना उल्लेख ग्रीक लेखनात इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. त्यांच्याविषयी सविस्तर लिहिले ते ज्युलियस सीझरने, गॉल म्हणजे आजचा फ्रान्स जिंकत असताना, इ. स. पू. पन्नाशीच्या दशकात. सारसन उभे राहिले तेव्हापासून सीझरपर्यंत सुमारे २४५० वर्षे जातात. सम्राट अशोकाचे शिलालेख आणि आपण यांच्यातले अंतरही यापेक्षा कमी आहे. अशोकाचे स्तंभ आजच्या एखाद्या पंथाने उभारले असे कोणी लिहिले, तर आपले संपादकीय खाते ते वाक्य पहिल्या नजरेत कापेल.

सीझर ड्रुइडांबद्दल काय सांगतो? ते तंटे सोडवतात, यज्ञयाग सांभाळतात, मुलांना शिकवतात. त्यांचे शिक्षण वीस वर्षांपर्यंत चालते आणि सगळे तोंडपाठ करायचे असते. विद्या लिहून ठेवणे त्यांना मान्य नाही, इतर व्यवहारांसाठी मात्र ते ग्रीक अक्षरे वापरतात. आत्मा मरत नाही, एका देहातून दुसऱ्या देहात जातो, ही त्यांची शिकवण. वर्षातून एकदा कार्नुट लोकांच्या मुलखात, एका पवित्र ठिकाणी ते जमतात. नरबळीबद्दलही तो लिहितो: डहाळ्या विणून केलेल्या प्रचंड आकृत्यांत जिवंत माणसे कोंडून त्या पेटवून देत. हे शत्रूचे लेखन आहे, त्यात किती भर घातली असेल याचा विचार करावाच लागतो. पण खरे मानले तरी ते लाकूड आणि आग आहे, दगड नाही.

प्लिनी या रोमन लेखकाने दिलेला विधी अधिक तपशिलाचा आहे. ओकच्या झाडावर बांडगूळ क्वचितच धरते. ते सापडले की चंद्राच्या सहाव्या दिवसाची वाट पाहायची. झाडाखाली यज्ञाची आणि जेवणाची तयारी करायची, शिंगे पहिल्यांदाच बांधली जात आहेत असे दोन पांढरे बैल आणायचे. पांढऱ्या वस्त्रातला पुरोहित झाडावर चढतो, सोन्याच्या विळ्याने बांडगूळ कापतो, खाली उभे असलेले लोक ते पांढऱ्या कापडात झेलतात. मग बैलांचा बळी. त्या बांडगुळाचा काढा वांझ जनावरांना दिला तर ती गाभण राहतात आणि तो सर्व विषांवर उतारा आहे, अशी समजूत होती. (सोने मऊ धातू, त्याच्या विळ्याने फांदी कापली जात नाही, म्हणून तो मुलामा दिलेला कांस्याचा असावा असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते.) लुकन हा रोमन कवी फ्रान्समधल्या मार्सेयजवळच्या अंधाऱ्या देवराईचे वर्णन करतो, तिथे झाडांच्या ओबडधोबड बुंध्यांतूनच देव कोरलेले. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की इ. स. ६० च्या सुमारास रोमनांनी वेल्सच्या मोना बेटावर, म्हणजे आजच्या अँगलसीवर, स्वारी केली आणि ड्रुइडांच्या राया तोडून टाकल्या. वेद्यांचा उल्लेख तो करतो, पण त्या दगडी होत्या असे म्हणत नाही. या साऱ्या लेखकांत मिळून दगडी वर्तुळाबद्दल एक ओळ नाही. देवराई कशी असते हे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ड्रुइडांचे पावित्र्य तिकडच्या झाडांत होते.

आणि पाण्यातही. अँगलसीवरच लिन केरिग बाख नावाचे छोटे तळे आहे. १९४२-४३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिथला चिखलगाळ उपसला, तेव्हा लोखंडाच्या आणि कांस्याच्या दीडशेहून अधिक वस्तू निघाल्या: तलवारी, भाले, रथाचे भाग, आणि कैद्यांच्या मानेत अडकवायची साखळी. साखळी इतकी शाबूत होती की ती काय आहे हे कळण्याआधी चिखलात रुतलेल्या गाड्या ओढायला वापरली गेली. या वस्तू मुद्दाम पाण्यात सोडलेल्या होत्या. उत्तर फ्रान्समध्ये गूर्ने-सुर-आरोंद इथल्या देवस्थानात चौकोनी खंदक, लाकडी खांब आणि खड्डे आहेत, आणि खंदकात वाकवून, मोडून टाकलेली शस्त्रे. लोहयुगातल्या केल्टिक लोकांच्या पूजास्थानाचे खरे रूप पाहायचे तर ते इथे आहे. फोटोला भव्य दिसत नाही, एवढाच त्याचा तोटा.

मग ड्रुइडांशी जोडता येतील असे दगड अजिबात नाहीत का? आहेत, आणि ते स्टोनहेंजइतकेच लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत.

ड्रुइडांच्या संदर्भात प्राचीन लेखकाने स्वतः वर्णन केलेली दगडासारखी वस्तू एकच: प्लिनीचे 'सर्पाचे अंडे'. उन्हाळ्यात असंख्य साप एकमेकांना वेटोळे घालतात, त्यांच्या लाळेतून आणि घामातून हे अंडे तयार होते, फूत्कारांनी ते वर उडते. जमिनीला टेकण्याआधी ते अंगरख्यात झेलायचे आणि घोड्यावरून पळ काढायचा, कारण नदी आडवी येईपर्यंत साप पाठलाग करतात. खरे-खोटे ओळखायची परीक्षा अशी की सोन्यात मढवले तरी ते प्रवाहाच्या उलट तरंगले पाहिजे. प्लिनी म्हणतो, आपण असे अंडे पाहिले आहे: मध्यम सफरचंदाएवढे, कवच कुर्चेसारखे, त्यावर ऑक्टोपसच्या चोषकांसारखे खळगे. कोर्टकज्जा जिंकायला आणि राजदरबारी प्रवेश मिळायला ते उपयोगी पडते, असा समज होता. खटला चालू असताना ते छातीशी लपवून आणणाऱ्या गॉलमधल्या एका रोमन सरदाराला सम्राट क्लॉडियसने मारून टाकले, असेही तो नोंदवतो. ही वस्तू काय असावी? एक मत असे की समुद्री अर्चिन या काटेरी, गोल सागरी प्राण्याचा जीवाश्म: गोल, ठिपक्यांच्या रांगांनी मढलेला, चुनखडीच्या प्रदेशात शेतात सापडणारा. दुसरे मत समुद्री शंखाच्या अंड्यांच्या पोकळ पुंजक्याचे. तो हलका असतो आणि तरंगतो, म्हणून प्लिनीच्या वर्णनाला जास्त जवळ जातो. वेल्स आणि कॉर्नवॉलमध्ये पुढे हेच नाव लोहयुगातल्या काचमण्यांना आणि आपोआप भोक पडलेल्या गारगोट्यांना चिकटले. आज ऑनलाइन 'ड्रुइड स्टोन' म्हणून विकले जातात ते बहुतेक असेच भोकाचे दगड. ते समुद्रकिनाऱ्यावर फुकट मिळतात, कारण गारेतला मऊ भाग झिजून किंवा शिंपल्यासारख्या प्राण्यांनी पोखरून ते भोक पडलेले असते. पैसे देऊन घेण्यासारखे त्यात काही नाही.

दुसरा गट आयर्लंडचा. गॉलवे परगण्यातला टुरो दगड ग्रॅनाइटचा, जमिनीतल्या भागासह १.६८ मीटर उंच, सुमारे चार टनांचा. वरचा घुमटासारखा अर्धा भाग वळणदार, एकातून दुसरी उमलणाऱ्या वेलपत्तीने भरलेला आणि खाली पायऱ्यापायऱ्यांचा पट्टा. ही लोहयुगातली 'ला तेन' शैली, काळ ढोबळमानाने इ. स. पू. पहिल्या शतकाच्या आसपास. म्हणजे काळ ड्रुइडांचा आणि घडवणारे लोकही त्यांच्याच परंपरेतले. पण सध्याची जागा मूळची नाही; एकोणिसाव्या शतकात तो एका बंगल्याच्या हिरवळीवर शोभेला हलवला गेला. त्यामुळे त्याच्या बुडाशी काय होते, त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, हे प्रश्न कायमचे अनुत्तरित राहिले. दगड हलवला की काय गमावतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही. कॅव्हन परगण्यातला किलिक्लगिन दगडही याच शैलीचा, एका जुन्या दगडी वर्तुळाजवळ फोडलेल्या अवस्थेत सापडलेला. त्याच भागात क्रोम क्रुआख नावाची सोन्याने मढवलेली मूर्ती आणि तिच्याभोवती बारा दगडी मूर्ती होत्या, संत पॅट्रिकने ती पाडली, अशी कथा मध्ययुगीन हस्तलिखितांत आहे. फुटका दगड आणि कथा यांची सांगड मोह पाडते, पण कथा लिहिली ती शेकडो वर्षांनंतर ख्रिस्ती मठांत, हे विसरून चालत नाही.

टारा टेकडीवरच्या 'लिया फॉल' या राज्याभिषेकाच्या दगडाचेही असेच. खरा राजा त्याच्यावर उभा राहिला की दगड ओरडतो, अशी आख्यायिका. दगड आजही उभा आहे. १७९८ च्या उठावात मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ तो मूळ जागेवरून हलवून सध्याच्या उंचवट्यावर बसवला गेला. तिसरे उदाहरण दक्षिण फ्रान्समधल्या रोकपेर्त्युझचे: दगडी खांब आणि त्यात माणसांच्या कवट्या ठेवण्यासाठी कोरलेले कोनाडे. काही कोनाड्यांत कवट्यांचे अवशेष मिळाले. भीषण दगड हवेत, तर हे खरे भीषण आहेत. पण इथेही ड्रुइडांचे नाव कोणत्याही प्राचीन लेखकाने घेतलेले नाही, म्हणून 'केल्टिक-लिगुरियन देवस्थान' एवढेच लिहावे.

मग स्टोनहेंज ड्रुइडांच्या नावावर लागले कसे? बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉन्मथने ते जादूगार मर्लिनने आयर्लंडहून आणले असे लिहिले. सतराव्या शतकात वास्तुकार इनिगो जोन्सला ते रोमन मंदिर वाटले. त्याच शतकातला पुराणवस्तूंचा अभ्यासक जॉन ऑब्री याने मात्र नीट विचार केला: अशी वर्तुळे रोमन कधी गेलेच नाहीत अशा भागांतही आहेत, म्हणजे ती रोमनपूर्व. इथपर्यंत तर्क अचूक. रोमनपूर्व पुरोहित म्हणून पुस्तकांत एकच नाव होते, ड्रुइड. त्याने तेच सुचवले, तेही जपून. पुढच्या शतकातला अभ्यासक विल्यम स्टुकलीने ते ठासून सांगितले. या माणसाबद्दल आम्हाला आदर आहे. १७२० च्या आसपास त्याने स्टोनहेंजची बारकाईने मापे घेतली, प्रवेशमार्गाचा रोख उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आहे हे ओळखले. पण १७४० साली पुस्तक काढताना त्याने मापांवर आपल्या धर्मकल्पनांचा कळस चढवला. त्याच्याकडे 'दगडयुग' ही कल्पनाच नव्हती. बायबलच्या हिशेबाने जगाचे वय सहा हजार वर्षे. इतक्या आखूड पट्टीवर स्टोनहेंज आणि ड्रुइड शेजारी बसणारच होते.

नंतर नावे पडत गेली. प्रवेशाजवळ आडव्या पडलेल्या सारसनाला 'कत्तलीचा दगड' म्हणू लागले, कारण त्याच्या खळग्यांत साचलेले पावसाचे पाणी लालसर दिसते. तो रंग दगडातल्या लोहाचा आणि शेवाळाचा. हा दगड मुळात उभा होता, प्रवेशद्वाराच्या जोडीतला. त्यावर कोणाला आडवे पाडण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या लेखातल्या 'रक्ताच्या खोबणी' या हवा-पाण्याने झिजलेल्या चिरा आहेत. कॉर्नवॉलमध्ये विल्यम बोर्लेस याने १७५४ साली ग्रॅनाइटच्या माथ्यांवरचे गोल खळगे ड्रुइडांची पवित्र पात्रे ठरवली. तेही पाणी साचून, गोठून, ग्रॅनाइटचे कण सुटे होऊन बनलेले आहेत. तिथल्याच ट्रीनचा झुलता दगड १८२४ साली एका नौदल अधिकाऱ्याने आपल्या माणसांकरवी ढकलून पाडला. लोक इतके संतापले की नौदलाची सामग्री मागवून त्यालाच तो पुन्हा जागेवर चढवावा लागला. तोलून बसला, पण पूर्वीसारखा सहज झुलेना.

वेल्समधल्या 'गोर्सेद' या कवींच्या सभेच्या बारा दगडांच्या वर्तुळांची गोष्ट निराळी. त्यांचा जनक वेल्श कवी योलो मॉर्गनूग. त्याने २१ जून १७९२ रोजी लंडनच्या प्रिमरोझ हिलवर पहिला सोहळा केला, तोही खडे मांडून. १८१९ मध्ये कार्माथनला हा विधी वेल्श काव्य-संगीत मेळाव्याला जोडला गेला आणि गावोगावी मैदानांत वर्तुळे उभी राहिली. आता मेळाव्यासाठी फायबरग्लासचे, हलवता येणारे दगड वापरतात. प्राचीनतेचा दावा खोटा असला तरी वेल्श भाषा टिकवण्यात या सोहळ्याचा वाटा खरा आहे. आजच्या ड्रुइडपंथीयांनाही आमचा विरोध नाही. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी ते स्टोनहेंजला जमतात, निसर्गाची पूजा करतात. त्यांची श्रद्धा आजची म्हणून मान्य करावी, आणि तारीख मात्र पुरातत्त्वाला विचारावी.

हे सगळे मराठी वाचकाला कशाला, असे वाटेल. कारण हीच चूक आपल्याकडेही आणली गेली. निजामाच्या सेवेतले आणि काही वर्षे नळदुर्गचा कारभार पाहिलेले कॅप्टन मेडोज टेलर यांनी भीमेच्या खोऱ्यातली दगडी थडगी उकरली. १८६२ साली छापलेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ही स्मारके 'केल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन' ठरवली होती. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळे रिव्हेट-कार्नाक यांनी १८६७ च्या सुमारास उकरली आणि दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची तुलना ब्रिटनमधल्या खळग्यांशी केली. पुढे पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे शिस्तीने उत्खनने केली, तेव्हा खरे चित्र आले: इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले, लोखंड वापरणारे, घोडे बाळगणारे इथलेच लोक. माहुरझरीला घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार मिळाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. गंमत म्हणजे काळाच्या दृष्टीने ड्रुइडांना स्टोनहेंजपेक्षा विदर्भाची वर्तुळे जवळची आहेत. तरी त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नुसत्या गोल मांडणीवरून नाते जोडता येत नाही, ते यावरून पुरेसे कळावे.

जुनापाणीला जाणाऱ्या आपल्या वाचकांसाठी एक उपयोगी गोष्ट. तिथले दगड बेसाल्टचे आहेत आणि बेसाल्टला वायूच्या बुडबुड्यांची भोके मुळातच असतात. असे नैसर्गिक भोक वेगवेगळ्या मापाचे, वेडेवाकडे, आणि पुष्कळदा आतून पांढऱ्या स्फटिकांचे अस्तर असलेले असते. माणसाने ठोकून केलेली वाटी उथळ, गोल, आतून एकसारखी घासलेली असते. तिच्या शेजारच्या वाट्या साधारण त्याच मापाच्या, ओळीत किंवा ठरावीक आकृतीत असतात. पाणी साचूच शकणार नाही अशा उभ्या बाजूवर ओळीने वाट्या दिसल्या तर त्या मानवी हाताच्या समजाव्यात. पाहायला जावे ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात; डोक्यावरच्या उन्हात अर्ध्या वाट्या दिसतच नाहीत. फोटोत उठून दिसाव्यात म्हणून त्यात खडू किंवा रंग भरू नये. तो खडबडीत दगडात मुरतो, घासून काढताना ठोक्यांच्या खुणा जातात, आणि नंतर येणाऱ्या अभ्यासकाला हाताची वाटी आणि निसर्गाचे भोक वेगळे करणे अशक्य होते. वर्तुळातला एकही गोटा हलवू नये. खालच्या मातीचा थर विस्कटला की तारीख गेली.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल, तर फोटोखालची ओळ अशी द्यावी: 'स्टोनहेंज, विल्टशायर, इंग्लंड. खंदक इ. स. पू. सुमारे ३०००, मोठे दगड इ. स. पू. सुमारे २५००. बांधणारे नवाश्मयुगीन शेतकरी समाज. ड्रुइडांशी संबंध अठराव्या शतकात जोडला गेला.'

कळावे,
पुरातत्त्व शिकवणारे दोन वाचक,
नागपूर